स्पंज ठेवलेल्या शेळीच्या पांढऱ्या पेशी वाढतात: दोष हार्मोनचा की स्पंजाचा?

रानवाटा: सगळा कळप एकदम माजावर आणायला योनीत प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनचा स्पंज ठेवतात, काढायच्या सुमारास पीएमएसजी (गाभण घोडीच्या रक्तातलं, बीजं पिकवणारं हार्मोन) टोचतात. स्पंज निघतो तेव्हा घाण वासाचा पिवळट स्राव, रक्तात न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) चढलेले. प्रोजेस्टेरॉनने गर्भाशयाची प्रतिकारशक्ती दबते हेही माहीत आहे. वर्षभर माजावर येणाऱ्या उस्मानाबादी जातीच्या शेळीला हा उपद्व्याप कशाला? माझ्या मते बंदच करावा.

काचपट्टी: चढले म्हणजे टक्क्यांत की आकड्यात? एका मायक्रोलिटर रक्तात एकूण पांढऱ्या पेशी 10,000 आणि न्यूट्रोफिल 40 टक्के म्हणजे 4,000. एकूण 8,000 आणि 50 टक्के, तरी 4,000च. टक्का वाढला, पेशी तेवढ्याच. शेळीत एकूण 4,000 ते 13,000 चालतात, त्यामुळे एका तपासणीवर निकाल देऊ नका. माणसांच्या लॅबचं मशीनही जनावराची सेटिंग नसेल तर भरवशाचं नाही. टर्क द्रावणात (यात लाल पेशी फुटतात, पांढऱ्या उरतात) रक्त 1:20 पातळ करून मोजणीच्या काचेवरचे चार कोपऱ्यांचे चौकोन मोजा, बेरजेला 50 ने गुणा. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घ्या, काचपट्टीवर त्याचा पातळ थर लगेच ओढा.

शिवाय शेळी पळवून धरली की पेशी काही मिनिटांत वाढतात, पुढच्या काही तासांत कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन न्यूट्रोफिल वाढवतं आणि लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घटवतं. यात हार्मोनच्या स्पंजाचा हात कुठे?

रानवाटा: आणि पू? तोही धरपकडीने आला का?

माळरान: पू स्पंजाने आला. बाहेरची वस्तू आत बसली, स्राव तुंबला, आतले जिवाणू माजले, न्यूट्रोफिल तिथे धावले. बिनहार्मोनचा स्पंज ठेवला तरी स्राव होतोच. म्हणून तुलनेला तसा एक गट हवा, नुसत्या न छेडलेल्या शेळ्या नकोत. बहुतेकींचा स्राव माजापर्यंत, म्हणजे एक-दोन दिवसांत, निवळतो. भाग धुवून कोरडा करा, स्पंज आत सारायची नळी दर शेळीला निर्जंतुक करा, स्पंजाची दोरी फार लांब लोंबू देऊ नका. स्पंज 11 दिवसांत काढा, उगाच 17-18 दिवस ठेवू नका. प्रत्येक स्पंजाला प्रतिजैविक चोपडायची मात्र गरज नाही.

रानवाटा: पीएमएसजीचं काय? घोडीचं प्रथिन आहे, वारंवार टोचलं तर शेळीत त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, माज लांबतो, ठरल्या वेळी रेतन केलेल्या शेळ्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) हे दिसणारच नाही.

माळरान: हा मुद्दा बरोबर, पण तो पीएमएसजी वारंवार देण्याविरुद्ध आहे, स्पंजाविरुद्ध नाही.

काचपट्टी: इओसिनोफिल (जंत असताना वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसले तर आधी लेंडी तपासा. पावसाळ्यात जंत असतात आणि बोट हार्मोनकडे दाखवलं जातं.

रानवाटा: मोजणी नीट करा, मान्य. पण स्पंज, इंजेक्शन, मजुरी आणि उलटलेल्या शेळ्या यांचा हिशेब लावला तर बोकड तीन-चार आठवडे नजरेआड ठेवून एकदम सोडणंच परवडतं.

माळरान: नैसर्गिक भरणीला परवडतं. ठरल्या वेळी गोठवलेल्या वीर्याने रेतन करायचं तर माज एकवटलेलाच हवा. आणि सोबत क्लोप्रोस्टेनॉल (माज आणणारं, पण गर्भ पाडणारं औषध) टोचणार असाल तर गाभण शेळ्या आधी सोनोग्राफीने वेगळ्या करा, नाहीतर गाभडतील.