डिझायर डिझेलचं इंजिन जाम : जुनं इंजिन घ्यावं की आहे तेच बांधावं?

घाटमाथा (प्रश्न)

मंडळी, सल्ला हवा आहे. गाडी डिझायर, १.३ डिझेल, ७५ पीएसवाली, २०१३ चं मॉडेल, १ लाख ४२ हजार किमी. कच्च्या रस्त्यावर चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याला) दगड लागला आणि ऑइल गेलं. लाल दिवा लागल्यावरही गाडी साधारण ३ किमी चालली, मग खालून खडखड झाली आणि इंजिन बंद पडलं. आता सेल्फ (स्टार्टर) मारला की नुसतं 'टक्' वाजतं. लांब पान्याने क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुली फिरवली तर थोडी हलते आणि अडते.

गॅरेजवाल्याने दोन पर्याय दिलेत. एक, दुसऱ्या गाडीतून काढलेलं, टर्बो आणि इंजेक्टरसह जुनं इंजिन ६५ हजार, उतरवणं-चढवणं १५ हजार. दुसरा, हेच इंजिन फुल बांधायचं (खोलून, खराब भाग बदलून पुन्हा जोडायचं), लेथकाम धरून अंदाजे १ लाख १० हजार. पण क्रँक बघितल्याशिवाय हा आकडा पक्का नाही म्हणतो. जुनं इंजिन कुर्ल्याहून येणार, '७० हजार चाललेलं आहे' असं सांगतायत. गाडी अजून ४-५ वर्षं ठेवायची आहे. काय काय तपासून ठरवावं? आणि आरटीओचं काय करावं लागतं?

मायक्रोमीटर

दोन्ही पर्याय तूर्त बाजूला ठेवा. आधी तुमच्याच इंजिनचा चेंबर खोला. एका दिवसाचं काम आहे, इंजिन उतरवावं लागत नाही, आणि हे न करता घेतलेला कुठलाही निर्णय हा अंदाजच.

चेंबर काढल्यावर तळाला काय साचलंय ते बघा. थोडं पांढऱ्या कपड्यावर घ्या आणि चुंबक फिरवा. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी किंवा तांबूस चकाकी म्हणजे बेअरिंग शेल, क्रँक ज्यांच्यात फिरतो त्या अर्धगोल धातूच्या पट्ट्या. चिकटणारे कण म्हणजे लोखंड, बहुधा क्रँक किंवा कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा). ऑइलचा स्ट्रेनरही बघा, जाळी भरली असेल तर पंपाला ऑइल पुरेसं गेलेलंच नसतं.

मग चारही बिग एंडच्या (रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या टोकाच्या) कॅप एकेक करून काढा. काढण्याआधी प्रत्येक कॅपवर आणि रॉडवर नंबर आणि बाजू टाका. कॅप आणि रॉड ही जोडी असते, एकाची कॅप दुसऱ्याला लावली की बोअर गोल राहत नाही. शेल काढल्यावर जर्नलवरून (क्रँकच्या शेलमध्ये फिरणाऱ्या गोल भागावरून) नख आडवं फिरवा. नख अडत नसेल तर पॉलिश आणि नव्या शेलवर काम निघू शकतं. अडत असेल तर ग्राइंडिंग, म्हणजे जर्नल घासून गुळगुळीत करणं. जर्नल निळं-जांभळं पडलं असेल तर तो क्रँक विसरा. तेवढ्या उष्णतेने पृष्ठभागाचा कडकपणा जातो, मग कितीही सफाईने ग्राइंड केला तरी बेअरिंग टिकत नाही. आणि ग्राइंडिंगला देण्याआधी त्या मापाचे अंडरसाइज शेल (घासून बारीक झालेल्या जर्नलला बसणारे) खरंच हातात मिळतायत का ते बघा. क्रँक घासून झाला आणि शेल मिळत नाहीत, ही अडचण फार ठिकाणी होते.

पुली थोडी हलून अडतेय यावरून वाटतं की एखाद्या बिग एंडचा शेल फिरलाय. पिस्टन बोअरमध्ये (सिलिंडरच्या आत) चिकटले असते तर बहुधा इतकीही हलली नसती. म्हणजे ब्लॉक (सिलिंडर असलेलं इंजिनाचं मुख्य धड) वाचला असण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे. ब्लॉक वाचला तर पुढचं बरंच सोपं होतं. का, ते कागदपत्रांवाले सांगतीलच.

पासिंग_ते_पासिंग

कागदांचं मी सांगतो.

इंजिन नंबर ब्लॉकवर पंच केलेला असतो, हेडवर (ब्लॉकच्या वर बसणाऱ्या भागावर) नाही. हेड बदला, क्रँक बदला, पिस्टन बदला, आरसीला धक्का लागत नाही. ब्लॉक बदलला की आरसीवरचा इंजिन नंबर खोटा ठरतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. म्हणून इंजिन चढवून झाल्यावर नाही, त्याआधी आरटीओत जाऊन अर्ज काय, कागद कोणते, हे विचारून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्रही लागतं.

विकणाऱ्याकडून तीन गोष्टी घ्या : इंजिन नंबर छापलेलं जीएसटी बिल, ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत, आणि ती गाडी रीतसर मोडीत निघाल्याचा दाखला. यातली एक जरी गोष्ट देत नसेल तर इंजिन कितीही चांगलं असो, सोडून द्या. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' या ऑनलाइन सेवेवर इंजिन नंबर टाकून ती गाडी चोरीची नोंदली आहे का तेही बघता येतं.

नंबर डोळ्यांनी बघा. ऑइलचा थर पुसा, तिरपा टॉर्च मारा. नंबराभोवतीचा भाग ब्लॉकच्या ओतकामासारखाच खडबडीत असायला हवा, फक्त पंचाची पट्टी सपाट. ग्राइंडरच्या बारीक समांतर रेषा दिसल्या, किंवा अंक एका ओळीत नसले, खोली कमीजास्त असली, तर हात लावू नका. पेन्सिल छाप तिथेच घेऊन बिलावरच्या नंबराशी ताडून बघा.

आणखी एक. तुमची गाडी २०१३ ची, म्हणजे २०२८ मध्ये १५ वर्षं भरून आरसीचं नूतनीकरण येणार. तेव्हा गाडी तपासणीला उभी राहील. ४-५ वर्षं ठेवायची म्हणताय, तर नंबराचा प्रश्न टाळून जाणारच नाही. विम्याचंही तेच, मोठा क्लेम झाला की सर्व्हेअर नंबर ताडतो.

सेल्फ_मार

समजा ब्लॉक गेला आणि जुनं इंजिन घ्यावंच लागलं, तर दुकानात काय बघायचं ते लिहितो.

'७० हजार चाललेलं' याला काही अर्थ नाही. सुट्या इंजिनला मीटर नसतो.

सगळ्यात चांगलं म्हणजे गाडीत असतानाच थंड इंजिन चालू करून दाखवणारा विक्रेता. गरम करून ठेवलेलं नको. थंड असताना पहिल्या काही सेकंदांत पुढून, चेनच्या बाजूने खरखर येते का ते ऐका. ऑइलचं झाकण काढून ठेवा, भकाभका धूर आला तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) संपल्यात.

इंजिन सुटं असेल तर एक अडचण अशी की सेल्फ गिअरबॉक्सच्या बेल हाऊसिंगवर (इंजिनाला जोडणाऱ्या कवचावर) बसतो. गिअरबॉक्स नसेल तर इंजिन सेल्फने फिरवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजता येत नाही. विक्रेत्याकडे जुनं हाऊसिंग असतं, ते लावायला सांगा. डिझेलचाच गेज हवा, हीटर प्लगच्या भोकातून घ्यायचं, चारही प्लग काढून. साधारण २५ ते ३० बार यायला हवं. पण एकूण आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा ४-५ बारने खाली असेल तर नको.

हाऊसिंग नसेल तर लीकडाऊन करा, म्हणजे हवा कुठून गळते ते बघा. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही वाल्व्ह बंद असताना ६-७ बार हवा सोडा आणि कान लावा. ऑइलच्या झाकणातून हवा आली तर रिंगा, इनटेकमधून किंवा एक्झॉस्टमधून आली तर त्या बाजूचा वाल्व्ह, पाण्याच्या पाइपात बुडबुडे आले तर हेड किंवा गास्केट. क्रँक आधी पान्याने अडकवून धरा, नाहीतर हवेने पिस्टन खाली जाऊन पाना हाताला लागतो.

बारीक एंडोस्कोप कॅमेरा असेल तर इंजेक्टरच्या भोकातून आत घाला. सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या (बारीक घासकामाच्या) तिरप्या जाळीदार रेषा दिसायला हव्यात. उभे ओरखडे किंवा गंजाची गोल रेघ दिसली तर नको. गंजाची रेघ म्हणजे पाणी आत उभं राहिलेलं. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण, किती गाड्या बुडाल्या ते आपण बघितलंय. पुरातलं इंजिन बाहेरून धुऊन चकाचक करतात, पण अल्टरनेटरच्या फटीत, इनटेकच्या कोपऱ्यात, वायरिंगच्या प्लगमध्ये बारीक गाळ राहतो. तिथे नख घालून बघा. आत पाणी ओढलेलं असेल तर रॉड वाकलेला असू शकतो, आणि ते बाहेरून दिसत नाही, कॉम्प्रेशनमध्ये दिसतं.

टर्बोचा शाफ्ट हाताने : आडवा किंचित खेळ चालतो, पुढे-मागे खेळ जाणवता कामा नये.

आणि 'मल्टिजेट (तुमच्या १.३ डिझेल इंजिनाचं नाव) सगळे सारखेच' यावर विश्वास ठेवू नका. हेच १२४८ सीसीचं मूळ इंजिन पुंटो, व्हिस्टा, मांझा, रिट्झ, एर्टिगा, सियाझमध्येही आहे, पण चेंबर, माउंटिंगचे ब्रॅकेट, सेन्सर, पाइपिंग वेगळं असू शकतं. ९० पीएसवाल्याचा टर्बोही वेगळा. ७५ पीएसच्या स्विफ्ट-डिझायरमधलंच शोधा आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग तुमचंच ठेवा. ईसीयू किल्लीशी जोडलेला असतो, दुसरा लावला तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) गाडी चालू होऊ देणार नाही. इंजेक्टर मात्र ज्या इंजिनाचे असतील त्यांच्या डोक्यावरचे कोड स्कॅनरने ईसीयूत भरावे लागतात. न भरल्यास खडखड आणि काळा धूर.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. चेंबर खोलून घेतला. तिसऱ्या नंबरचा शेल फिरलाय, रॉडचं डोकं निळं पडलंय आणि त्या जर्नलवर खोल चरे आहेत, रंगही जांभळट. बाकी तीन शेल घासलेत पण जागेवर आहेत. कॅमेऱ्यातून चारही बोअरमध्ये जाळी दिसते, उभा ओरखडा नाही. आता गॅरेजवाला म्हणतो की जुनं इंजिनच घ्या, कटकट नको.

मायक्रोमीटर

आता तर घेऊच नका. बोअर चांगले आहेत, तुमचा नंबर तुमच्या ब्लॉकवर आहे. पूर्ण इंजिन कशाला? लागणार आहे एक क्रँक आणि एक रॉड. हेड फुटलेलं किंवा हेड नसलेलं जुनं हाफ इंजिन बघा, ते पूर्ण इंजिनापेक्षा बरंच स्वस्त पडतं. त्यातला क्रँक लेथवाल्याकडे नेऊन चारही बिग एंड आणि पाचही मेन (ब्लॉकमध्ये बसणारे) जर्नल मायक्रोमीटरने मोजा, वाकलाय का ते व्ही-ब्लॉकवर डायल लावून बघा. रॉडचं वजन तुमच्या उरलेल्या तिघांशी २-३ ग्रॅमच्या आत जुळवा. आणि घेताना पासिंगवाल्यांनी सांगितलेलं बिल इथेही घ्या.

इंजिन आता उतरवावंच लागेल. उतरल्यावर मेन बेअरिंगच्या जागा बोअर गेजने मोजा. त्या गोल असतील तरच ब्लॉक पक्का समजा. बोअर ६९.६ मिमीचे आहेत, वर-खाली आणि आडवे-उभे मिळून ०.०५ मिमीच्या वर फरक नसेल तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतील, रिबोअरची (बोअर घासून मोठा करण्याची) गरज नाही. बिग एंडचा ऑइल क्लिअरन्स (शेल आणि जर्नलमधली फट) प्लास्टिगेजने (दबून फटीचं माप दाखवणाऱ्या बारीक धाग्याने) बघा, साधारण ०.०३ ते ०.०६ मिमी. नेमकी मर्यादा सर्व्हिस मॅन्युअलमधली घ्या.

इथे बहुतेक जण चुकतात : फिरलेल्या शेलचा चुरा संपूर्ण ऑइल मार्गात गेलेला असतो. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे (आतल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून, आत बारीक ब्रश घालून धुवा. ऑइल कूलर धुऊन स्वच्छ होत नाही, नवा टाका. टर्बोही उघडून दाखवा, त्याच चुऱ्याचं ऑइल त्याच्या बेअरिंगमधून गेलंय. ऑइल पंप, स्ट्रेनर, पिस्टनखालचे ऑइल जेट हेही तपासा. या जागा राहिल्या की बांधलेलं इंजिन काही हजार किमीत पुन्हा त्याच आवाजावर येतं, आणि दोष क्रँकला दिला जातो.

चेन किट, वॉटर पंप, पुढचं-मागचं ऑइल सील, हेड गास्केट, हेडचे बोल्ट आणि इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर नवेच घ्या. हेडचे बोल्ट ताणून बसवायचे असतात, जुने परत वापरू नका. क्लच प्लेट हातासरशी बघून घ्या, गिअरबॉक्स तसाही बाजूला आलेला असेल.

सेल्फ_मार

पहिल्यांदा चालू करताना एवढं करा. टर्बोच्या ऑइल पाइपातून आधी थोडं ऑइल सोडा. इंजेक्टरचे कनेक्टर काढून १० सेकंद सेल्फ, मग अर्धा मिनिट थांबा, असं ऑइलचा दिवा विझेपर्यंत. विझला की कनेक्टर लावा, डिझेलची हवा हाताच्या पंपाने काढा आणि मग चालू करा. चालू इंजिनवर इंजेक्टरचा पाइप सैल करून हवा काढायची जुनी सवय इथे चालत नाही, रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) दाब हजार बारच्याही वर जाऊ शकतो, तो कातडी फाडतो.

चालू झाल्यावर २० मिनिटं आयडल, पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत. मग बंद करून पाणी आणि ऑइल पुन्हा बघा. पहिलं ऑइल आणि फिल्टर ५०० किमीला बदला. तो फिल्टर टाकून देऊ नका, कापून कागद उलगडा. चकाकी दिसली तर गाडी तिथेच थांबवा, चुरा अजून कुठेतरी राहिलाय.