मदत हवी आहे: 'ब्लेव्ही'चा नेमका अर्थ आणि मराठी शब्द

शब्दखटपटी: नमस्कार मंडळी. गॅस टँकरच्या चालकांसाठी असलेली एक सुरक्षा-पुस्तिका मराठीत करते आहे. त्यात पानोपानी 'ब्लेव्ही' येतो. बॉइलिंग लिक्विड एक्स्पँडिंग व्हेपर एक्स्प्लोजनचं हे लघुरूप, इथवर कळलं. मी 'उकळत्या द्रवाच्या प्रसरणशील वाफेचा स्फोट' केलं, तर नवरा म्हणाला, "हे म्हणून होईपर्यंत ड्रायव्हर पळेल कधी?"

शिवाय पुस्तिका म्हणते, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडलेला असतानाही टाकी फुटू शकते. वाफ बाहेर पडतेय, मग फुटेल कशी? की माझंच वाचण्यात चुकतंय? आणि बातम्यांतला 'सिलिंडरचा स्फोट' तो हाच का?

जुना_प्लांटवाला: ताई, तुम्ही बरोबर वाचलंत. पातेल्यात पाणी आहे तोवर बूड जळत नाही, तसंच हे. टाकीत जिथवर द्रव आहे, तिथवरची उष्णता तो ओढून घेतो. वरच्या भागात नुसती वाफ. तिथे आगीची झळ बसली की पत्रा तापून नरम पडतो. ६०० अंशांच्या आसपास पोलादाची निम्मी ताकद गेलेली असते. व्हॉल्व्ह दाब आवरतो खरा, पण धड पत्र्याला झेपेल इतकाच. नरम पत्रा त्याच दाबाला फाटतो. त्यात व्हॉल्व्हमधून वाफ जाते तशी द्रवाची पातळी उतरते आणि आणखी पत्रा उघडा पडतो.

फाटताक्षणी दाब कोसळतो. प्रोपेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसमधला एक मुख्य घटक, साध्या दाबाला उणे ४२ अंशांवरच उकळतो, त्यामुळे आतला द्रव एकदम उसळून वाफ होतो, सुमारे २७० पट जागा मागत. आगीचा गोळा त्यानंतरचा. व्याख्येत आग नाहीच, पाण्याचा बॉयलर फुटला तरी ब्लेव्हीच.

फ्रान्समध्ये फेझँच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात ४ जानेवारी १९६६ रोजी हेच झालं. व्हॉल्व्ह उघडलाय म्हणून अग्निशमनवाले पेटलेली टाकी सोडून शेजारच्या टाक्यांवर पाणी मारत राहिले. १८ माणसं गेली.

तिरकस_वाचक: बातमीतला फोटो नीट बघा. भिंत रस्त्यावर, खिडकी गायब, आणि सिलिंडर बहुतेक वेळा कोपऱ्यात सबंध उभा! गळलेला गॅस खोलीत साचला, बटण दाबल्यावर ठिणगी पडली. फुटली ती खोली. त्याला 'गॅसचा भडका' म्हणा, ब्लेव्ही नको. मथळेवाल्यांना हे सांगून मी थकलो.

शब्दाचं म्हणाल तर 'ब्लेव्ही' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे तापलेली टाकी फाटून होणारा स्फोट' एवढं जोडा.

शब्दखटपटी: धन्यवाद दोघांनाही. आता असं लिहिलंय: "व्हॉल्व्हमधून फुसफुस ऐकू येतेय म्हणून थांबू नका. टाकी फाटू शकते. लांब जा." नवरा पास.

एकच राहिलं: ब्लेव्ही 'झाला' की 'झाली'?

जुना_प्लांटवाला: आम्ही 'झाला' म्हणायचो, स्फोट तो म्हणून.

तिरकस_वाचक: 'झाली'. शेवटी ई आहे की.