लिरच्या मुलांवर अल्बम करून राहिलोय, स्वर आणि रेकॉर्डिंगबद्दल सल्ला हवाय

बासरी_धरमपेठ
नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मिळून आयरिश दंतकथेवर अल्बम करून राहिलोय, सगळा पारंपरिक ढंगाचा, फक्त वाद्यं. कथा लिरच्या मुलांची. सावत्र आई ईफा चारही भावंडांना हंस करून टाकते आणि ९०० वर्षं तसंच राहायचं, ३०० डेराव्हारा तळ्यावर, ३०० मॉयलच्या समुद्रात आणि ३०० पश्चिमेकडच्या इनिशग्लोरा बेटाजवळ. त्यांचा आवाज आणि मन मात्र माणसाचंच राहतं, म्हणून ते गातात आणि ऐकायला लोक तळ्याकाठी येऊन बसतात. समुद्रातल्या थंडीत मोठी बहीण फिनूला तिघा भावांना पंखाखाली घेते, तो प्रसंग वाचला तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

आमच्याकडे बासरी, व्हायोलिन, गिटार आणि बोरान आहे, बोरान म्हणजे तिकडचा बकऱ्याच्या कातड्याचा डफ, छोट्या लाकडी दांडीने वाजवतात. स्वर कोणता धरावा? जुन्या धुना घेतल्या तर कॉपीराइटचं काय? मे महिन्यात घरीच रेकॉर्ड करायचंय, जमेल का? आणि विदर्भातलं एखादं वाद्य घ्यायचं की नाही यावरून आमच्यातच वाद सुरू आहे.

खर्ज
स्वर डी धरा, म्हणजे पांढरी दोन. त्यांची टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी), बासरी, इलन पाइप्स (तिकडची बॅगपाइप) बहुतेक डी मधलीच असतात. तुम्ही पांढरी पाचची बासरी घ्या, सगळी छिद्रं बंद केली की जो मंद्र पंचम लागतो तोच डी, त्याला षड्ज मानून एकेक बोट उचलत वर गेलात की बिलावलचे, म्हणजे सगळे शुद्ध सूर सरळ मिळतात. त्यांच्या बऱ्याच धुना काफी आणि खमाजच्या सुरावटीत बसतात त्यामुळे कानाला परकं वाटणार नाही, पण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आवरा हो. तिकडे बोटाची झटपट टिचकी देऊन सूर तोडतात, मींड घेतली की धून लगेच आपली होऊन जाते. जिग ही त्यांची नाचाची धून सहा मात्रांची असते पण तिला दादऱ्यासारखं वाजवू नका, लयीचा डोल वेगळा आहे, नाचणाऱ्याच्या पायाचा आहे, तो ऐकून ऐकूनच अंगात येतो. आणि फिनूलाच्या प्रसंगाला ताल नकोच. त्यांच्याकडे संथ धुना आलापासारख्या मोकळ्या वाजवतात, तसंच करा, खाली नुसता डीचा षड्ज धरून ठेवा. पाइप्समध्येही असा सतत वाजणारा सूर असतोच.

डफवाला
भाऊ, मे महिन्यात कायले करता? कूलर चालू ठेवला त माइकमध्ये कूलरच ऐकू यीन, बंद केला त तुम्हीच भाजून निघसान. पहाटे चार ते सात करा, रस्ताही शांत राहते. अन् मी डफ वाजवतो म्हणून सांगतो, चामडं तापलं का चढते, ओल लागली का उतरते. कूलरच्या हवेत ठेवलेला बोरान ढिला पडन, बंद खोलीत घंटाभर ठेवा, मंग सूर पाहा, अन् फारच चढला त आतून ओल्या फडक्याचा हात फिरवा, भिजवू नका. प्रत्येक टेकच्या आधी तपासा, नाही त एका धुनेत दोन आवाज येतीन.

जुनी_वही
कॉपीराइटचं सांगते. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे टर्लो ओ'कॅरोलन (१६७०-१७३८) सारख्या अंध आयरिश हार्पवादकाच्या रचना मोकळ्या आहेत. पण एखाद्या बँडने केलेली मांडणी जशीच्या तशी उचलायची नाही, ती त्यांची. आणि आयरिश वाटणाऱ्या कितीतरी धुना विसाव्या शतकात कुणीतरी बसून रचलेल्या असतात, ऐकणारे त्यांना पारंपरिक समजतात. म्हणून मूळ जुन्या संग्रहात शोधा. फ्रान्सिस ओ'नील हे शिकागोचे पोलीसप्रमुख होते, त्यांनी १९०३ मध्ये १८५० धुनांचा संग्रह छापला, त्याहून जुना हवा तर एडवर्ड बंटिंग आहेत, १७९२ ला बेलफास्टच्या मेळाव्यात हार्पवादकांकडून ऐकून त्यांनी धुना लिहून घेतल्या. तुमच्या क्रेडिटमध्ये 'पारंपरिक' लिहून मांडणी कुणाची ते वेगळं द्या.

खर्ज
विदर्भातल्या वाद्याचं राहिलंच. परधान, म्हणजे गोंडांचे परंपरेने गाणारे लोक, बाना या गजाने वाजवायच्या तंतुवाद्यावर गोंड देवांच्या कथा गातात, आणि तुमच्या कथेतले हंससुद्धा गातातच, त्यामुळे जोड पटते. पण बाना घ्यायचा तर वाजवणाऱ्यालाच बोलवा, मानधन द्या, अल्बमवर नाव टाका. कुठूनतरी सॅम्पल आणून मागे वाजवलेला बाना मला सहन होणार नाही.

बासरी_धरमपेठ
सगळ्यांचे आभार, खूप कामाचं मिळालं. डी पक्का. समुद्राचा भाग बिनतालाचा, बासरी आणि षड्ज एवढंच. बानासाठी एका कलाकाराशी बोलणं सुरू करतो, त्यांना कथा आधी ऐकवणार, जागा त्यांनीच निवडावी असं वाटतं. रेकॉर्डिंग आता पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरमध्ये. @डफवाला, तेव्हा बोरानचा सूर तपासायला येता का?

डफवाला
येतो भाऊ, तारीख टाका.