शब्दचर्चा: ‘जैवपेढी’तलं रक्त साकळतं की गोठतं?

भाषांतरू
पुण्यातल्या एका रुग्णालयातल्या बायोबँकेसाठी कामाची पुस्तिका मराठीत करायची आहे. वाचणारे दोन गटांतले. एक, रक्त घेऊन वेगळं करणारे तंत्रज्ञ. दोन, संमतीपत्र वाचणारे रुग्ण आणि नातेवाईक. अडलेले शब्द: बायोबँक, सीरम आणि प्लाझ्मा, अ‍ॅलिकॉट (एका नमुन्याचे केलेले छोटे भाग), आणि रक्ताचं क्लॉट होणं (गुठळी होणं). ‘बायोबँक’ला जैवपेढी म्हणावं की जैवकोश? जाणकारांनी मत द्यावं.

सदाशिवपेठी
जैवपेढी. रक्तपेढी, नेत्रपेढी हे शब्द पाटीवर वाचूनही लोक दचकत नाहीत, तेव्हा वाट तयारच आहे. ‘कोश’ मात्र नको. एक तर कोश म्हटलं की शब्दकोश आठवतो. दुसरं म्हणजे हिंदीत कोशिका म्हणजे आपली पेशी, आणि हिंदीतली पेशी म्हणजे आपला स्नायू. या गोंधळात आणखी भर कशाला?

उणे ऐंशी
शब्द मान्य, पण संमतीपत्रात तो एकटा सोडू नका. ‘पेढी’ वाचलं की रुग्णाला रक्तपेढीच दिसते, आणि आपलं रक्त दुसऱ्या कुणाला चढवणार असा समज होतो. रक्तपेढीतली पिशवी 2 ते 6 अंशांत ठेवतात आणि नेहमीच्या सीपीडीए (रक्त टिकवणाऱ्या द्रावणाच्या) पिशवीतलं रक्त 35 दिवसांत वापरावं लागतं. जैवपेढीतलं रक्त कुणालाही चढवायचं नसतं. त्याचे भाग वेगळे करून ते वर्षानुवर्षं अतिथंड ठेवायचे आणि माहितीसह संशोधकांना द्यायचे, एवढंच. ब्रिटनच्या यूके बायोबँकेनं 2006 ते 2010 या काळात 40 ते 69 वयाच्या सुमारे 5 लाख लोकांकडून नमुने घेतले. त्यांवर आजही काम चालू आहे. म्हणून संमतीपत्राचं पहिलंच वाक्य असं ठेवा: ‘हे रक्त कोणालाही चढवले जाणार नाही, ते फक्त संशोधनासाठी साठवले जाईल.’

आणि ‘संग्रह’ हा शब्द राखून ठेवा. पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात पेशीवंशांचा (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींचा) साठा आहे, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा आहे. त्यांना संग्रह म्हणणं बरोबर, कारण तिथली कुपी संपली तर पुन्हा वाढवता येते. रुग्णाचं अर्धा मिलिलिटर सीरम एकदा वापरलं की संपलं. जैवपेढीचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

सदाशिवपेठी
उणेराव, केंद्राच्या नावातच ‘कोशिका’ आहे, म्हणजे माझा मुद्दा तिथेच पडला. चालू द्या.

लॅबवाली
पेढी काय, कोश काय, त्यानं नमुना खराब होत नाही. तो खराब होतो ‘गोठणे’ या शब्दानं. त्यावर बोलू या.

मराठीत ‘रक्त गोठलं’चे दोन अर्थ आहेत. नळीत गुठळी झाली तरी रक्त गोठलं, आणि फ्रीझरमध्ये बर्फ झालं तरी गोठलंच. आता पुस्तिकेत लिहिलंत की ‘लाल झाकणाच्या नळीतील रक्त 30 मिनिटे गोठू द्यावे’, तर नवा मुलगा नळी सरळ फ्रीझरमध्ये ठेवेल, आणि वाक्य वाचून त्याला दोष देता येणार नाही. अख्खं रक्त बर्फ झालं की तांबड्या पेशी फुटतात. वितळल्यावर सगळं एकजीव लाल होतं, सीरम वेगळं निघतच नाही. पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं, म्हणजे ती मोजणीही बाद. तो नमुना टाकूनच द्यावा लागतो.

त्यासाठी मराठीत चांगला शब्द आहे: साकळणे. मुका मार लागून रक्त साकळलं, असं आपण रोज म्हणतो. काही ठिकाणी ‘साखळलं’ म्हणतात. गुठळीसाठी साकळणे आणि बर्फासाठी गोठवणे, एवढं एक पथ्य पाळा. पाठ्यपुस्तकातलं ‘क्लथन’ तंत्रज्ञाच्या तोंडी येणार नाही.

भाषांतरू
लॅबवाली ताई, हे फारच कामाचं. मग पूर्ण परिच्छेद कसा लिहावा?

लॅबवाली
साधारण असा:

‘लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतल्यावर नळी हळुवार पाच वेळा उलटसुलट करावी. हलवून फेस काढू नये. नळी स्टँडमध्ये उभी ठेवून 20 ते 25 अंश सेल्सिअसला 30 ते 60 मिनिटे रक्त साकळू द्यावे. गुठळी पूर्ण झाल्यावर सेंट्रिफ्यूजमध्ये 1,500 ते 2,000 जी जोराने 10 मिनिटे फिरवावे. वरचे सीरम कुपींत भरून गोठवावे.’

यात तीन जागा अडखळण्याच्या. ‘खोलीच्या तापमानाला’ असं लिहू नका, आकडा लिहा. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात एसी बंद असलेली खोली सहज 35 च्या पुढे असते.

दुसरी जागा ‘जी’ची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर त्या मापाची. यंत्रावर दिसतात ते मिनिटाला फेरे. फेरे तेच ठेवले तरी रोटरची (नळ्या बसवतात त्या फिरत्या भागाची) त्रिज्या बदलली की जोर बदलतो. 15 सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर 3,000 फेऱ्यांना सुमारे 1,500 जी मिळतात, 10 सेंटिमीटरच्या रोटरवर तेवढ्याच फेऱ्यांना फक्त 1,000 च्या आसपास. म्हणून पुस्तिकेत ‘जी’ लिहा आणि प्रत्येक यंत्रावर त्याचे फेरे काढून चिठ्ठी चिकटवा. सूत्र: 0.00001118 गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये गुणिले फेऱ्यांचा वर्ग.

तिसरी जागा घाईची. रक्त अर्धवट साकळलं असताना फिरवलं, किंवा रुग्ण हेपरिनवर (रक्त साकळू न देणाऱ्या औषधावर) असेल, तर सीरम काढल्यावर त्यात तंतू धरतात. पिपेटचं टोक तुंबतं, कधी सीरमचा जेलीसारखा गोळा होतो. उलट वेळ फार लावला तर पेशी साखर खात राहतात; वेगळं न केलेल्या रक्तातली साखर तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी उतरते. लवकर झालं पाहिजे म्हणून न साकळलेली नळी फ्रिजमध्ये ठेवणं तर सर्वांत वाईट. थंडीत साकळणं मंदावतं आणि पोटॅशियम पेशींतून पाझरत राहतं.

सदाशिवपेठी
सीरमला मराठी शब्द नाही का? ‘लस’ हा जुना शब्द होता की. जखमेतून लस वाहते म्हणतातच.

लॅबवाली
म्हणतात, पण आज ‘लस’ म्हटलं की टोचायचीच. ‘तुमची लस साठवली जाईल’ असं संमतीपत्रात वाचून लोक काय समजतील? छापील मराठीत सीरमला रक्तरस आणि रक्तजल, प्लाझ्माला रक्तद्रव वाचायला मिळतं. रस, जल, द्रव, तिन्ही पातळच. कुणाला फरक कळणार? पुस्तिकेत सीरम आणि प्लाझ्माच ठेवा आणि फरक एकदा सांगा: साकळल्यावर वर उरतं ते सीरम, साकळू न देता फिरवल्यावर वर येतं तो प्लाझ्मा. साकळण्यात फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन) खर्ची पडतं, म्हणून ते सीरममध्ये नसतं.

प्लाझ्मासाठी जांभळ्या झाकणाची, ईडीटीएची (रक्त साकळू न देणाऱ्या रसायनाची) नळी. ती आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, नाहीतर बारीक गुठळ्या होतात. फिरवल्यावर वर पिवळसर प्लाझ्मा, खाली तांबड्या पेशी आणि मधे पातळ पांढरट थर. डीएनए त्या पांढऱ्या थरातून मिळतो. प्लाझ्मा काढताना टोक त्या थराला लावायचं नाही, थोडा प्लाझ्मा वर सोडायचा. या थराला ‘पांढरा थर’च म्हणा, ‘श्वेतस्तर’ नको.

नळ्यांचा क्रमही लिहा: आधी लाल-पिवळी, मग जांभळी. ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. त्याचा अंश सीरमच्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं उतरतं.

उणे ऐंशी
अ‍ॅलिकॉटला ‘वाटा’ आणि क्रियापदाला ‘वाटे करणे’. ज्यात भरतो ती कुपी. ‘प्लाझ्माचे 500 मायक्रोलिटरचे वाटे करून कुपींत भरावेत’, हे वाचून कुणी अडणार नाही. 10 मिलिलिटर रक्तातून 4 ते 5 मिलिलिटर प्लाझ्मा निघतो, म्हणजे आठेक कुप्या. 2 मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरू नये. पाण्याचा बर्फ होताना सुमारे 9 टक्के फुगतो आणि झाकण उचलतो.

वाटे का करायचे तेही एका ओळीत लिहा, म्हणजे कंटाळा करून कुणी एकाच मोठ्या कुपीत भरणार नाही. एकाच कुपीतून पाच संशोधकांना द्यायचं तर ती पाचदा वितळवावी लागते, आणि दर वेळी प्रथिनं, आरएनए थोडं थोडं बिघडतं. या फेरीला ‘गोठ-वितळ’ म्हणा. आणि कृपा करून ‘विरघळ’ नको. साखर विरघळते, बर्फ वितळतो.

तापमानाची भाषा आणखी धोक्याची. फ्रीझर उणे 80 ला आहे. ‘तापमान 80 च्या खाली गेलं’ म्हणजे उणे 85 की उणे 70? रात्रपाळीचा माणूस फोनवर ‘टेंपरेचर कमी झालंय’ म्हणतो तेव्हा त्याला आकडा कमी झालाय असं म्हणायचं असतं, म्हणजे फ्रीझर तापतोय! नोंदवहीत ‘वाढले-घटले’ हे शब्दच ठेवू नका. ‘उणे’ हा शब्द आकड्याला जोडून लिहायचा आणि पुढे दोनच रकाने: ‘जास्त थंड’, ‘कमी थंड’.

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुण्यात गृहीत धरायचं. जनरेटरवर फ्रीझर चालतो, पण खोलीचा एसी त्यावर नसेल तर फ्रीझर स्वतःच टाकलेल्या उष्णतेत गुदमरतो. कंडेन्सरची जाळी धुळीनं भरलेली असेल तर आणखीच. वीज नसताना उगाच दार उघडायचं नाही. एक रिकामा फ्रीझर थंड करून तयार ठेवायचा, फ्रीझर बंदच पडला तर त्यात नमुने हलवायचे. ‘रिकामा आहे तर वापरू या’ म्हणणाऱ्या माणसाला चावी देऊ नये.

ब्लॉकमास्तर
रक्तावरच चाललंय. ऊतींबद्दलही लिहा. ‘10 टक्के फॉर्मेलिन’ हा शब्दप्रयोग दर वर्षी कुणाला तरी फसवतो. बाजारातला फॉर्मेलिन म्हणजे 37 ते 40 टक्के फॉर्मल्डिहाइड. त्याचा एक भाग आणि नऊ भाग बफरचं पाणी, म्हणजे 10 टक्के फॉर्मेलिन. त्यात फॉर्मल्डिहाइड 4 टक्क्यांच्या आसपासच. पुस्तिकेत ‘एकास नऊ’ असं लिहा. तुकड्याच्या दहापट तरी द्रव हवा. फॉर्मेलिन तासाला सुमारे एक मिलिमीटरच आत शिरतं, म्हणून मोठा भाग 5 मिलिमीटरच्या चकत्या करून टाकायचा, नाहीतर बाहेरून टणक आणि आत सडलेला. स्तनाच्या गाठीसाठी काढल्यापासून तासाच्या आत फॉर्मेलिनमध्ये आणि तिथे 6 ते 72 तास, असा दंडक आहे.

तुकडा कापल्याची आणि फॉर्मेलिनमध्ये पडल्याची, दोन्ही वेळा लिहायच्या. मधल्या काळाला ‘रक्तविरहित काल’ वगैरे म्हणू नका, ‘कापल्यापासून किती मिनिटे’ असा रकाना पुरे. गोठवायचा तुकडा मात्र फॉर्मेलिनला लागताच कामा नये. तो अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठा नको, म्हणजे आतपर्यंत झटकन गोठतो.

उणे ऐंशी
बरोबर. आणि जिवंत पेशी ठेवायच्या तर उलटं, सावकाश. 10 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारं रसायन) घालून मिनिटाला एक अंश या गतीनं गोठवायचं आणि मग द्रव नायट्रोजनच्या टाकीत. तो उणे 196 ला उकळतो. ‘द्रवनत्र’ लिहिलंत तर सिलिंडरवाल्यालाही कळणार नाही. कुप्या ‘वाफेत ठेवाव्यात, द्रवात बुडवू नयेत’ हे ठळक छापा. झाकण सैल असेल तर द्रव आत शिरतो, आणि बाहेर काढल्यावर त्याचा सुमारे 700 पट वायू होऊन कुपी हातात फुटते. त्याच कारणानं खोलीत ऑक्सिजन मोजणारा अलार्म हवा. 19.5 टक्क्यांच्या खाली वाजला की बाहेर पडायचं; नायट्रोजनला वास नाही.

भाषांतरू
संमतीपत्रातलं एकच राहिलं. ‘निनावी’ लिहू का? नाव काढून क्रमांक देणार आहेत.

उणे ऐंशी
मग निनावी नाही. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी कुठेतरी कुलपात आहे ना? असेल तर ‘सांकेतिक क्रमांकाने’ लिहा. ‘निनावी’ म्हणजे ती यादीच नाही. तेव्हा रुग्णानं उद्या संमती मागे घेतली तर त्याची कुपी शोधताही येणार नाही. एकाच कागदावर ‘नमुना निनावी राहील’ आणि ‘संमती कधीही मागे घेता येईल’ ही दोन्ही वाक्यं दिसली तर त्यातलं एक खोटं आहे. ‘दाता’ही टाळा, सहभागी म्हणा. दान परत मागत नाहीत असा आपल्याकडे समज आहे, आणि इथे मागता येतं. फक्त तोवर झालेल्या संशोधनातून माहिती काढून घेता येत नाही, हेही त्याच परिच्छेदात येऊ द्या.

सदाशिवपेठी
आणि अर्जाला ‘नमुना क्र. 2’ म्हणू नका, ‘प्रपत्र’ म्हणा. सातबारा हाही गाव नमुनाच. ‘नमुना क्र. 2 सोबत नमुना जोडावा’ असं छापलंत तर कुणी बाटली स्टेपल करून आणेल.

भाषांतरू
प्रपत्र, नक्की. साकळणे, वाटे, कुपी, गोठ-वितळ घेतले. सीरम-प्लाझ्मा तसेच ठेवतो. लेबलांचं प्रकरण उरलंय. साधं लेबल उणे 80 ला सुटतं हे माहीत आहे, पण पेनबद्दल काय लिहू?

लॅबवाली
हातानं लिहूच नये, छापील बारकोड. बऱ्याच मार्करची शाई स्पिरिटचा बोळा लागला की पुसली जाते. अतिथंडीचं लेबलही कोरड्या, साध्या तापमानाच्या कुपीवर आधी लावायचं आणि मग भरायचं. दंव धरलेल्या कुपीवर कुठलंच चिकटत नाही.