बाळ बाटलीनं दूध घेतच नाही, एक तारखेपासून ऑफिस. मदत हवी आहे

घामाघूम_आई
वेळ कमी आहे, थेट मुद्द्यावर येते. बाटली तोंडाला लावली की मुलगी मान फिरवते, जिभेनं निपल बाहेर ढकलते आणि मग असा सूर लावते की शेजारच्या काकू दार वाजवतात. रुंद तोंडाची बाटली झाली, महागडी झाली, मैत्रिणीनं अमेरिकेतून पाठवलेली झाली. निपलचे नंबर बदलून झाले. एक तारखेला हिंजवडीत हजर व्हायचंय, रजा वाढवून मिळणार नाही (विचारून झालंय). घरी सासूबाई सांभाळणार आहेत. ज्यांना खरोखर उपाय सापडला त्यांनीच लिहा. "भूक लागली की पिईल" हे कृपया नको, ते सासरे रोज सांगतात.

निवांत_नाना
तुमच्या सासऱ्यांशी सहमत. मुलं उपाशी राहत नसतात. आमची दोन्ही मुलं चाळीत वाढली, कुणी निपलचे नंबर मोजले नाहीत.

चहाबाज
बाळ किती महिन्यांचं? बाटलीत काय, अंगावरचं की वरचं? पाजतं कोण? दिवसाच्या कोणत्या वेळी देता? एवढं तरी लिहा हो, इथे कुणी ज्योतिषी नाही.

घामाघूम_आई
पाच महिने पूर्ण. अंगावरचंच, पंपानं काढलेलं. वरचं काहीच सुरू केलेलं नाही. पाजते मीच, दुसरं कोण पाजणार? वेळ म्हणाल तर तिला भूक लागल्यावर.

दोनदा_आई
मेख तिथेच आहे. खरी वस्तू दोन इंचांवर असताना ती प्लास्टिक कशाला चोखेल? तुम्ही घराबाहेर जा. नुसतं दुसऱ्या खोलीत नाही, खाली पार्किंगमध्ये जा. नवऱ्याला किंवा सासूबाईंना देऊ द्या. आणि पार भूक लागून रडायला लागण्याआधी द्या, चिडलेलं बाळ नवीन काही शिकत नाही. कुशीत आडवं घेऊन दिलं की त्यांना अंगावरचंच आठवतं, त्यामुळे आमचा धाकटा आजोबांकडूनच प्यायचा, तेही गॅलरीत, रस्त्यावरच्या रिक्षा बघत.

बुधवार_पेठेतली_आजी
अगं, बाटली हवीच कशाला? बोंडलं आण, बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी गं. तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानात स्टीलचं मिळेल. बाळंतपणात मला माझ्या आईनं दिलेलं अजून कपाटात आहे. बाळाला मांडीवर उभट धरायचं, मान हातावर, बोंडल्याची चोच खालच्या ओठाच्या कोपऱ्याशी टेकवायची. दूध ओतायचं नाही हो, नुसतं ओठाशी आणायचं. बाळ आपसूक जिभेनं ओढून घेतं. निजवून ओतलंस तर ठसका लागेल, हे सासूबाईंना बजावून सांग. त्यांना माहीत असेलच म्हणा.

आयटीतला_बाबा
आजी, आदर आहे, पण बोंडल्यानं निम्मं दूध बाळाच्या पोटात आणि निम्मं लाळेऱ्यात जातं. एवढा वेळ पंप घेऊन बसायचं आणि ते सांडायचं? सरळ सिपर घ्या. आमची लेक सिपरवरच गेली.

चहाबाज
किती महिन्यांची असताना?

आयटीतला_बाबा
आठ.

चहाबाज
प्रश्न पाच महिन्यांच्या बाळाचा चाललाय.

वॉर्डातली_सिस्टर
सांडतं ते पहिले काही दिवस, हात बसेपर्यंत. पुढे नाही. मी नवजात बाळांच्या विभागात काम केलंय. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळंसुद्धा आम्ही वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानंच पाजतो. बालरोगतज्ज्ञ बाटलीला नाही म्हणतात ते हौस म्हणून नाही. निपल आणि झाकणाच्या खाचेत दुधाचा थर राहतो, तिथून जुलाब सुरू होतात. १९९२ च्या कायद्यानं दूधपावडर आणि दूध पाजायच्या बाटल्या यांच्या जाहिरातीवर आपल्याकडे बंदी आहे ती उगाच नाही.

आयटीतला_बाबा
बंदी आहे तर दुकानात ढिगानं मिळतात त्या काय?

वॉर्डातली_सिस्टर
जाहिरातीवर बंदी आहे, विक्रीवर नाही.

घरगुती_वैद्य
मूळ कारण पोटात आहे. गॅस धरला की बाळ दूध नाकारतं. वेखंड, जायफळ, हळकुंड, बदाम, खारीक सहाणेवर उगाळून मधात चाटण द्या. जायफळाचे चार वेढे जास्त दिले तर झोपही छान लागते. आमच्या घरात चार पिढ्या...

दोनदा_आई
मध वर्षाच्या आत अजिबात नाही! बोट्युलिझमचा धोका असतो, लहान बाळाच्या आतड्यात ते जंतू वाढून विष तयार होतं. आणि झोप यावी म्हणून जायफळ वाढवायचं, हे तर वाचूनच घाबरले. मूल अंगावर नीट पितंय असं बाई सांगतायत, मग पोटाचं कुठून काढलंत?

घरगुती_वैद्य
चार पिढ्या जगल्या की नाही?

निवांत_नाना
बरोबर बोललात वैद्यबुवा.

चहाबाज
बाळगुटीसाठी वेगळा धागा काढा. इथे बाटली.

कलम_अकरा
रजा वाढवून मिळणार नाही म्हणता, पण पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे मिळायला हवेत, प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून. पाच महिन्यांत परत कशा बोलावतात? तक्रार करा.

घामाघूम_आई
२६ आठवडेच मिळालेत. बीपी वाढलं म्हणून महिनाभर आधी रजा सुरू करावी लागली, तो महिना त्यातच मोजला जातो. मला भांडण नकोय, बाळानं दूध प्यायला हवंय.

कलम_अकरा
तरी माहीत असू द्या: मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीखेरीज दिवसात दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी मिळायला हवी. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आणि तिथे दिवसातून चार वेळा जाऊ देणं हेही बंधनकारक. बाळाला तिथेच ठेवा, बाटलीचा प्रश्नच मिटला.

घामाघूम_आई
आहे ना पाळणाघर. बाणेरला. कंपनीनं तिथल्या एका पाळणाघराशी करार केलाय. ऑफिस हिंजवडीच्या फेज तीनला. चार वेळा जाऊन आले तर काम रिक्षात बसून करेन.

वाकडकर
वाकडचा पूल आणि भूमकर चौक सकाळी ओलांडून दाखवा, मग कायदा सांगा. त्यापेक्षा घर वाकडला घ्या. आम्ही तेच केलं. सध्या राहता कुठे?

घामाघूम_आई
सिंहगड रोड.

वाकडकर
अरेरे.

सायलेंट_वाचक
मेट्रो झाली की सगळं सुटेल.

वाकडकर
तोवर त्यांची मुलगी दहावीला असेल. (हलके घ्या.)

प्रयोगशाळेत_रमलेली
बाटलीचं बाजूला ठेवून एक विचारते. दूध ताजं काढून लगेच देता की साठवलेलं?

घामाघूम_आई
साठवलेलंच. महिनाभर डीप फ्रीझरमध्ये साठा करतेय, त्यातलं फ्रीजमध्ये विरघळवून, कोमट पाण्यात वाटी ठेवून देते. मायक्रोवेव्ह नाही, ते वाचलंय.

प्रयोगशाळेत_रमलेली
ते विरघळवलेलं दूध एक घोट चाखा. मग इथे लिहा.

घामाघूम_आई
ई. साबणासारखं. वासही तसाच, थोडासा लोखंडी. नासलंय का सगळं?? एक अख्खा कप्पा भरलाय हो.

प्रयोगशाळेत_रमलेली
नासलेलं नाही. नासलेल्या दुधाला आंबूस वास येतो. आईच्या दुधात लायपेज नावाचं विकर असतं, ते दुधातली चरबी फोडतं. बाळाला पचायला मदत व्हावी म्हणूनच ते असतं. फ्रीझरमध्ये गेल्यावरही त्याचं काम पूर्ण थांबत नाही, म्हणून काहींचं दूध साठवल्यावर साबणासारखं लागतं. त्यानं बाळाला अपाय होत नाही. काही बाळं मुकाट पितात, काही तोंड फिरवतात. माझा मुलगा दुसऱ्या जातीतला.

आता असं करा. दूध काढा आणि लगेच, ताजंच, त्याच बाटलीतून नवऱ्याला पाजू द्या. तुम्ही पार्किंगमध्ये. प्यायली तर अडचण बाटलीची नाही, दुधाची.

निवांत_नाना
साबण वगैरे आमच्या वेळी नव्हतं.

दोनदा_आई
नाना, तुमच्या वेळी डीप फ्रीझर नव्हता.

घामाघूम_आई
पार्किंगमधून लिहितेय. नवऱ्यानं ताजं दिलं. आधी निपल चावत बसली, मग थोडं ओढलं, मग हसली म्हणे. संपवलं नाही पण रडली नाही! आता त्या कप्प्याचं काय करू? आणि पुढे साठवायचं कसं?

प्रयोगशाळेत_रमलेली
पुढचं दूध काढल्यावर लगेच स्टीलच्या पातेलीत मंद आचेवर ठेवा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवा, उकळी येऊ द्यायची नाही. पातेली बर्फाच्या पाण्यात ठेवून पटकन गार करा आणि मग फ्रीझरमध्ये. विकर निष्क्रिय होतं, चव टिकते. यात दुधातले काही चांगले घटकही कमी होतात, म्हणून साठ्यासाठीच करा, सकाळ-संध्याकाळ अंगावर आहेच. आधीचा साठा गरम करून चव परत येत नाही. तो ताज्या, गार दुधात थोडाथोडा मिसळून बघा. नाहीच घेतला तर टाकू नका, सहा महिने झाले की नाचणीच्या सत्त्वात घाला, तिथे चव लपते.

सुगरण_नाही
नाचणीवरून आठवलं, तोवर वरणाचं पाणी द्यायला काय हरकत आहे? पोट तरी भरेल.

वॉर्डातली_सिस्टर
सहा महिने पूर्ण होईपर्यंत काही नको, पाणीसुद्धा नको. आणि वरणाच्या नुसत्या पाण्यानं पोट भरतं, पोषण मिळत नाही. उष्टावण झाल्यावरही घट्टसर वरण-भात मऊ कालवून द्यायचा, पाणी नाही.

सुगरण_नाही
आमच्याकडे उष्टावण मामाच्या मांडीवर बसवून खिरीनं करतात. साखर चालते का?

वॉर्डातली_सिस्टर
मुहूर्तापुरती चाटवा. रोज नको. मीठ-साखर दोन्ही वर्षानंतर.

बुधवार_पेठेतली_आजी
नऊ-दहा तास तू बाहेर असणार, बाई. ती बाटलीतून थोडंसंच ओढतेय, चावते जास्त. सासूबाईंच्या हाताशी बोंडलं असू दे, माझं ऐक.

आयटीतला_बाबा
किंवा सिपर.

वॉर्डातली_सिस्टर
दिवसभरातलं प्रमाण किती जातंय त्यापेक्षा लघवी किती वेळा होतेय ते सासूबाईंना बघायला सांगा. चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट आणि वजन वाढतंय, मग घाबरायचं कारण नाही. सुस्त वाटली, लघवी कमी झाली तर धाग्यावर विचारत बसू नका, डॉक्टर गाठा. ऑफिसात काढलेलं दूध खोलीत चार तासांपर्यंत टिकतं ते २५ अंशांच्या आत. एप्रिल-मेमधल्या पुण्यात तो हिशेब धरू नका, लगेच फ्रीजमध्ये ठेवा. घरी आणताना बर्फाच्या पिशव्यांची थर्मल बॅग घ्या. फ्रीजमध्ये चार दिवस, पण दाराच्या कप्प्यात नाही, आत मागच्या बाजूला. विरघळवलेलं दूध चोवीस तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाचं उष्टं उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्यायचं.

चहाबाज
सिंहगड रोडला गुरुवारी लाइट जाते ना? साठ्याचं काय?

प्रयोगशाळेत_रमलेली
फ्रीझर भरलेला असेल आणि दार उघडलं नाही तर दोन दिवस थंड राहतो, अर्धा भरलेला असेल तर एक दिवस. गुरुवारची सकाळ त्यात सहज निघते. सासूबाईंना सांगा, लाइट गेल्यावर "विरघळलं का बघू" म्हणून दार उघडायचं नाही.

घामाघूम_आई
त्या तेच करतात! काल नवरा बोंडलं घेऊन आला. तुळशीबागेत तीन दुकानदारांनी त्याला चांदीचं दाखवलं, शेवटी स्टीलचं मिळालं. सासूबाईंनी पाजलं. त्यांचा हात इतका सराईत की मी बघतच राहिले, नवऱ्याला त्यांनी यानंच वाढवलंय म्हणे, कुणी विचारलं नाही म्हणून बोलल्या नाहीत. बरंच प्यायली. आता सकाळी ताजं काढून बोंडल्यानं, दुपारी गरम करून साठवलेलं, असं सुरू करतेय. बाटली नवऱ्याच्या पाळीत राहील, त्याला बोंडलं जमत नाही. आजी, धुवायचं कसं? चोचीत दूध राहतं का?

बुधवार_पेठेतली_आजी
वरून सगळं उघडंच असतं गं, बोट जातं आत. आधी गार पाण्यानं विसळ, मग साबण, मग उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. फडक्यानं पुसू नकोस, जाळीवर पालथं घाल. त्यात हळद-तेल काही कालवू नका, निराळंच ठेवा.

कलम_अकरा
दूध काढायला ऑफिसात कडी असलेली खोली आहे का? एचआरला मेलवरच विचारा, तोंडी नको. दोन सुट्ट्यांचाही उल्लेख करा.

घामाघूम_आई
मीटिंग रूम आहे, काचेची. मेल टाकतेय.

वाकडकर
बाणेरच्या त्या पाळणाघराची फी किती आहे? बायको विचारतेय.