मोठ्या धारकांचे टोकन एक्स्चेंजवर जाऊ लागले, तर आतल्यांची विक्री समजावी का?

शंकेखोर (प्रश्न):
एका लहान क्रिप्टो प्रकल्पाचे टोकन (डिजिटल नाणी) वर्षभरापासून माझ्याकडे आहेत. परवा ब्लॉक एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनवरचे, म्हणजे साखळीवरचे, सगळे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) धारकांची यादी चाळताना दिसले, की पहिल्या दहांपैकी तीन वॉलेटांतून चार दिवसांत टोकन एका केंद्रीकृत (कंपनीने चालवलेल्या) एक्स्चेंजच्या पत्त्यावर गेले आहेत; प्रत्येक वेळी आधी किरकोळ रक्कम पाठवून चाचणी घेतलेली आहे आणि मग मोठा व्यवहार केलेला आहे. भाव अजून जागचा हललेला नाही. प्रकल्पाच्या गटात विचारल्यावर ‘नेहमीचे निधी व्यवस्थापन’ एवढेच उत्तर मिळाले आणि तासाभरात माझा प्रश्नच काढून टाकण्यात आला. मी उगाच घाबरतो आहे का?

खातेवही:
टोकन एक्स्चेंजवर जमा होणे म्हणजे विक्री नव्हे. ते तारण म्हणून किंवा मार्केट मेकरला (बाजारात सतत खरेदी-विक्रीचे भाव देणाऱ्याला) उसने देण्यासाठीही पाठवले जातात. म्हणून मी रकमेआधी वेळापत्रक पाहतो. संस्थापकांचे आणि सुरुवातीच्या गुंतवणूकदारांचे टोकन बहुधा काही काळ पूर्ण गोठवलेले असतात व नंतर टप्प्याटप्प्याने मोकळे होतात. मोकळे झालेले टोकन कोणी विकले, तर ते आपल्याला रुचले नाही तरी ठरल्याप्रमाणेच आहे. मात्र जे अजून कुलपात असायला हवेत, किंवा जे ‘समुदायासाठी’ राखले होते, तेच बाहेर पडत असतील तर प्रकरण गंभीर आहे.

दुसरे म्हणजे, तिन्ही वॉलेटांचा अगदी पहिला व्यवहार उघडून पाहा. नव्या वॉलेटमधून काही पाठवायचे तर गॅसपुरती (व्यवहाराच्या शुल्कापुरती) रक्कम आधी कोणालातरी त्यात घालावी लागते, आणि ती घालणारा पत्ता तिन्हींसाठी एकच निघाला, तर तीन धारक बहुधा एकच आहेत. तो पत्ता एखाद्या एक्स्चेंजचा असेल तर मात्र या धाग्याला अर्थ नाही, कारण तिथून हजारो लोक पैसे काढतात.

उलटतपासणी:
केवळ एक्स्चेंजकडे पाहत राहिलात तर मागचे दार सुटेल. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्जेंटिनाचे अध्यक्ष हाविएर मिलेई यांनी समाजमाध्यमावर उल्लेख केल्यानंतर लिब्रा नावाच्या टोकनचे बाजारमूल्य काही काळ चार अब्ज डॉलरच्या पुढे गेले आणि काही तासांतच कोसळले. तेथे लिक्विडिटी पूलमध्ये (ज्या सामायिक साठ्यातून टोकनची अदलाबदल होते त्यात) एका बाजूने केवळ टोकन ठेवलेले होते. खरेदीदारांचे डॉलर-टोकन (डॉलरच्या भावाशी बांधलेले टोकन) त्यात साचत गेले आणि निर्मात्यांशी जोडल्या गेलेल्या वॉलेटांनी तेच काढून घेतले. हीसुद्धा विक्रीच, फक्त तिला विक्री म्हणत नाहीत. त्यामुळे पूल कुलूपबंद आहे का, किती तारखेपर्यंत आहे आणि निधीच्या चाव्या किती जणांच्या हाती आहेत, हे तपासा. सप्टेंबर २०२० मध्ये सुशीस्वॉप या क्रिप्टो अदलाबदलीच्या प्रकल्पाच्या निनावी संस्थापकाने विकास निधीतील टोकन विकून सुमारे १.४ कोटी डॉलरचे इथर (इथेरियम साखळीचे चलन) घेतले, ते एकट्याला शक्य होते म्हणूनच. काही दिवसांनी त्याने ते परत केले, ही गोष्ट वेगळी.

तिसरीबाजू:
एक सावधगिरीची सूचना. १३ एप्रिल २०२५ रोजी मंत्रा या क्रिप्टो प्रकल्पाचे ओएम टोकन काही तासांत नव्वद टक्क्यांहून अधिक पडले. संघानेच विक्री केल्याचा आरोप झाला, तर संघाने एक्स्चेंजवरील सक्तीच्या लिक्विडेशनकडे (उसनवारीवरच्या सौद्यांचे तारण एक्स्चेंजने परस्पर विकण्याकडे) बोट दाखवले. एक्स्चेंजच्या आत टोकन कोणी विकले, हे साखळीवर दिसत नाही, आणि एक्सप्लोररवरील नावाच्या पट्ट्या अनेकदा अंदाजानेच लावलेल्या असतात. त्याऐवजी ऑर्डर बुक (एक्स्चेंजवरील प्रलंबित खरेदी-विक्रीच्या ऑर्डरींची यादी) पाहा: भाव स्थिर असूनही खरेदीच्या ऑर्डरी रोज विरळ होत असतील, तर विकणारा त्या खात असण्याची शक्यता आहे.

शंकेखोर:
तपासले. तिन्ही वॉलेटांना गॅसची पहिली रक्कम एकाच पत्त्यावरून आली आहे, आणि टोकनचे कंत्राट (टोकन चालवणारा प्रोग्राम) साखळीवर चढवणारा पत्ताही तोच आहे. वेळापत्रकाप्रमाणे संघाचे टोकन आणखी पाच महिने मोकळे होणार नाहीत. निम्मे टोकन आज विकले. माझ्या एवढ्याशा विक्रीनेही भाव दोन टक्के खाली आला.