हंपी आणि बदामी एकाच सहलीत कोंबू नयेत

वाटसरू
नाताळच्या सुट्टीसाठी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक आखणी फिरतेय. शुक्रवारी रात्री पुण्याहून टेम्पो ट्रॅव्हलर. शनिवारी सकाळी विजापूरला गोल घुमट, दुपारी बदामी. रविवारी पट्टदकल, ऐहोळे आणि रात्रीपर्यंत हंपीजवळचं होस्पेट. सोमवारी हंपी 'कव्हर' करून रात्री परतीला. माझं मत विचारलं आणि मी नको म्हणालो, तर मला फाटे फोडणारा ठरवलं गेलं. म्हणून इथे मांडतो.

हंपीचं जागतिक वारसा क्षेत्र सुमारे ४१ चौरस किलोमीटरचं आहे. तिथे देऊळ बघायला जायचं नसतं, एक आख्खं शहर बघायचं असतं. बाजारपेठा, पुष्करणी, हत्तीशाळा, कालवे, महानवमी दिब्बा हा उंच दगडी चौथरा. कृष्णदेवरायाच्या काळात डोमिंगो पाएश हा पोर्तुगीज इथे आला होता. त्याने नवरात्राच्या सोहळ्याचं जे वर्णन लिहून ठेवलंय ते वाचून त्या दिब्ब्यावर उभं राहावं, मग कळतं आपण कशाच्या ढिगाऱ्यावर उभे आहोत. एका दिवसाच्या सहलीत काय होतं? विरूपाक्ष, उग्र नरसिंह, कमल महाल, दगडी रथ, फोटो, जेवण. गाडी कमलापूरवरून वळसा घालून विठ्ठल मंदिराच्या अलीकडे सोडते, तिथून बॅटरीची गाडी. म्हणजे विरूपाक्षाच्या बाजारातून नदीकाठाने कोदंडरामावरून विठ्ठल मंदिरापर्यंत जी दोनेक किलोमीटरची पायवाट आहे, ती हुकते. अच्युतरायाचं देऊळ आणि त्यासमोरची ओसाड बाजारपेठही हुकते. माझ्या लेखी हंपी म्हणजे ती वाट.

दुसरं असं की बदामी-पट्टदकल सहाव्या ते आठव्या शतकातलं, हंपी चौदाव्या ते सोळाव्या. मधे आठशे वर्षं. ती एका रात्रीत ओलांडली की मुलांच्या डोक्यात फक्त 'खूप दगड' उरतात. पट्टदकलला जोडायचंच तर वेरूळला जोडा. चालुक्य विक्रमादित्याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ राणी लोकमहादेवीने पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर उभारलं, आणि पुढे चालुक्यांना बाजूला सारणाऱ्या राष्ट्रकूटांनी कैलास कोरताना त्याचाच नमुना समोर ठेवला असं बहुतेक अभ्यासक मानतात. कैलास पाहिलेल्या मराठी माणसाला पट्टदकलमध्ये पाऊल टाकताच ओळख पटते. हंपीला ती गंमत नाही.

तेव्हा एक सहल, एक जागा. बोला.

गोटीराम
बोलतो. हे सगळं ज्याला वर्षातून चार सुट्ट्या काढता येतात त्याच्यासाठी ठीक आहे हो. आमच्याकडे नवरा-बायको दोघांची रजा जुळायला पत्रिका जुळवण्याइतका वेळ लागतो, मुलीचे क्लास, वर आईचं गुडघ्याचं दुखणं. 'पुढच्या वेळी हंपी' असं म्हटलं की पुढची वेळ येते ती मुलगी कॉलेजला गेल्यावर. आई तर येणारच नाही तेव्हा.

बदामी ते होस्पेट जेमतेम दीडशे किलोमीटर आहे. पुण्याहून तेवढं लांब गेल्यावर दीडशे किलोमीटरवरून परत फिरायचं, कारण वाटसरू यांना शतकं मिसळलेली आवडत नाहीत? आणि ती नदीकाठची पायवाट. माझ्या आईला तिथे चालवणार कोण? दगडावरून चढ-उतार, सावली नाही. तिच्यासाठी बॅटरीची गाडी हेच हंपी आहे आणि मला त्यात काही कमी वाटत नाही.

मीनल_सोलापूर
गोटीराम यांच्याशी सहमत, पण कारण वेगळं. आम्हा सोलापूरकरांना बदामी म्हणजे आधी बनशंकरी. बऱ्याच घरांची कुलदेवता. पौषात जत्रा असते, शाकंभरी नवरात्रात तर घरातलं कुणी ना कुणी जातंच. आमच्याकडे सासूबाईंना लेणी-बिणी दाखवायची असतील तर बनशंकरीच्या निमित्तानेच गाडी निघते. ओटी भरून झाली, तळ्याकाठी बायका टोपलीतून ज्वारीच्या कडक भाकऱ्या, भरली वांगी, शेंगाचटणी, दही घेऊन बसलेल्या असतात ते जेवण झालं, की मग माणसं चार दगडही आनंदाने बघतात. वाटसरूंच्या धाग्यात बनशंकरीचं नावही नाही! पडकी देवळं तेवढी बघायची आणि पाच किलोमीटरवरच्या नांदत्या देवळाला वळसा घालून जायचं, ही कुठली रीत?

बाकी त्या आखणीत गोल घुमट कशाला घुसडलाय कळत नाही. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसांना सकाळी सकाळी त्या जिन्याने वर चढवायचं, मग दुपारी बदामीची लेणी. संध्याकाळी सगळे झोपलेले असतील.

वाटसरू
मीनलताई, बनशंकरी मान्य. माझ्या मताने तर तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. बनशंकरीला निवांत जेवायचं, दुपार टळल्यावर लेण्यांकडे जायचं, संध्याकाळी अगस्त्य तळ्याकाठी भूतनाथाच्या देवळापाशी बसायचं, समोरचा लाल खडक उन्हात पेटतो तो बघायचा. असा एक दिवस बदामीला दिला तर दुसरा ऐहोळे-पट्टदकलला लागतोच. ऐहोळेत लोक दुर्ग मंदिर आणि लाडखान ही देवळं बघून निघतात. टेकडीवरच्या मेगुती जिनालयात कुणी चढत नाही. तिथे रवीकीर्तीचा इ.स. ६३४ चा शिलालेख आहे, ज्यात दुसरा पुलकेशी ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला असं म्हटलंय. शाळेत आपण तो वाचलेला असतो. मराठी माणसाने बदामीपर्यंत जाऊन तो बघू नये? त्यासाठी अर्धा तास हवा, आणि टेम्पो ट्रॅव्हलरवाल्या आखणीत तोच नसतो.

गोटीराम, आईंसाठी बॅटरीची गाडी हवीच, त्याला कोण नको म्हणतंय. माझं म्हणणं आईंना एका दिवसात विरूपाक्षापासून हत्तीशाळेपर्यंत सोळा ठिकाणी गाडीतून चढ-उतार करायला लावण्याबद्दल आहे. गुडघ्याला ते जास्त जड जाईल.

रानजाई
मला या दोन्ही बाजूंची गंमत वाटते. पुण्यातून निघून कर्नाटकात किती दिवस घालवायचे यावर भांडण, आणि कोल्हापूर जिल्ह्यातलं खिद्रापूर यातल्या किती जणांनी बघितलंय? कोपेश्वर. शिलाहारांच्या काळातलं, कृष्णेकाठी. स्वर्गमंडपाचं छत मधे गोल उघडं, त्याखाली उभं राहून वर बघायचं. सिंघण यादवाचा लेख आहे. नंदी मात्र देवळासमोर नाही, तो पलीकडे यडूरला असं सांगतात. खालच्या हत्तींच्या सोंडा फोडलेल्या, मूर्तींचे चेहरे गेलेले. तुम्हाला भग्न देऊळच बघायचं ना? सिन्नरचं गोंदेश्वर बघा, शक ९८२ चं अंबरनाथ बघा. लोकलने जाता येतं अंबरनाथला! वैनगंगेकाठचं मार्कंडा विदर्भाबाहेरच्या किती जणांनी बघितलंय? पण तिथे पन्नासच्या नोटेवरचा रथ नाही, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर त्याची आखणी फिरत नाही.

लोक हंपीला जातात ते आधी इन्स्टावर बघितलेला फोटो स्वतःचा काढायला. त्याला तीन दिवस द्या की तीन तास, फरक पडत नाही.

हेमकूट
रानजाई, खिद्रापूर बघितलंय, थोर आहे, पण ते बघितलं म्हणून हंपीला जायचं नाही हे कुठलं तर्कशास्त्र? खिद्रापूर एक देऊळ आहे. हंपीत राजधानी आहे. दोन्हीची भूक वेगळी.

आता वाटसरूंना थेट विरोध. हंपी आणि बदामी एकत्रच बघावं, आणि बदामी आधी. कारण नुसती सोय नाही. बदामीचा वालुकाश्म मऊ. पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज बघा, तिसऱ्या लेण्यातले स्तंभ बघा (या लेण्यात मंगलेशाचा इ.स. ५७८ चा लेख आहे), कोरणाऱ्याची छिन्नी पाहिजे तशी वळलेली दिसते. हंपीत ग्रॅनाइट. तिथे मांडणीचा आवाका, लांबच लांब मंडप, उंच गोपुरं, पण मूर्तीत ती कोवळीक शोधायला गेलात तर निराश व्हाल. हे फक्त हंपी बघणाऱ्याला कळत नाही, तो म्हणतो 'काय कोरलंय!' आदल्या दिवशी बदामी बघून आलेल्याला दगडाची अडचणही दिसते आणि त्यावर काढलेला तोडगाही. हजारराम मंदिराच्या भिंतींवर उथळ उठावात सगळं रामायण आहे, ते तसंच का कोरलं हा प्रश्न तरी पडतो.

शिवाय आठशे वर्षांची दरी म्हणता, तीही तितकी मोकळी नाही. विरूपाक्षाशेजारच्या हेमकूट टेकडीवरची छोटी देवळं, पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची, बरीचशी विजयनगरच्या आधीची आहेत. पट्टदकलवरून आलात तर तिथे थबकाल. नुसते हंपीला आलेले लोक त्या टेकडीवर फक्त सूर्यास्ताला जातात.

वाटसरू
हेमकूट, हे बिनतोड आहे, पण हे दिसायला तुमचे डोळे लागतात. पंधरा जणांच्या गाडीत ते एखाद्याकडे असतात, आणि तो एक जण हेमकूट टेकडीवर थबकला की बाकीचे चौदा खालून हॉर्न वाजवतात. तुमचं म्हणणं चौघांच्या, पाच दिवसांच्या सहलीला लागू. तीन दिवसांच्या पंधरा जणांना नाही.

गोटीराम
म्हणजे आता पात्रता परीक्षा देऊन हंपीला जायचं? डोळे तयार नसतील तर घरी बसा?

माझी मुलगी सहावीत आहे. तिला ग्रॅनाइट-वालुकाश्म कळणार नाही कदाचित. पण तिला दगडी रथाचं चाक आणि पुढचे हत्ती लक्षात राहतील. मोठी झाली की तिची ती पुन्हा जाईल.

हेमकूट
रथावरून आठवलं, म्हणून थोडं अवांतर. ते हत्ती मुळात तिथले नव्हेत. आधी घोडे होते, हत्तींच्या मागे त्यांचे मागचे पाय आणि शेपट्या अजून दिसतात. वर विटांचं शिखरही होतं, १८५६ च्या फोटोत ते आहे. आत गरुडाचं स्थान. मुलीला हे आधी सांगून ठेवा, तिथे गेल्यावर घोड्याची शेपटी शोधण्यात ती अर्धा तास रमेल. आणि विठ्ठल मंदिरातल्या सप्तस्वरांच्या खांबांवर हात मारून बघायला आता मिळत नाही, मिळूही नये.

माळकरी
सगळा धागा वाचला. दगड, शतकं, किलोमीटर सगळं आलं. विठ्ठल मंदिरात विठ्ठल नाही, हे कुणीच बोललं नाही.

आमच्या परंपरेत सांगतात की कृष्णदेवरायाने पांडुरंग विजयनगरला नेला आणि नाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत पंढरीला आणला. इतिहासवाले म्हणतील पुरावा काय, मंदिर तर त्याच्या आधीचं. म्हणू देत. आमच्या दिंडीतली मंडळी हंपीला गेली तेव्हा रथापुढे कुणी थांबलं नाही. सरळ गाभाऱ्यात गेलो, रिकाम्या जागेपुढे हात जोडले, दोन अभंग झाले. गाइड वैतागला, म्हणाला इथे पूजा चालत नाही. आम्ही म्हटलं पूजा कुठे करतोय.

एक दिवस की तीन, हे तुम्ही ठरवा. पण नांदतं विरूपाक्ष आणि रिकामं विठ्ठल मंदिर एकाच दिवशी बघा, वेगवेगळ्या दिवशी नको.

रानजाई
माळकरी, आदर ठेवून विरोध. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत एका गटाने दोन अभंग म्हटले की दुसरा आरती करतो, तिसरा शेंदूर फासतो, चौथा तेल ओततो. आपल्याकडे कित्येक जुन्या देवळांना 'जीर्णोद्धार' म्हणून ऑइल पेंट आणि फरशा लागल्या त्या अशाच भक्तीतून. आमच्या गावच्या हेमाडपंती देवळाचे खांब आता गुलाबी आहेत. रिकामा गाभारा रिकामा ठेवणं हीसुद्धा काळजीच आहे.

माळकरी
शेंदूर आणि अभंग यांत फरक आहे, ताई. अभंगाचा डाग पडत नाही.

मीनल_सोलापूर
दोघांचंही पटलं, काय करू :)

मूळ मुद्द्यावर येते. वाटसरू, तुमच्या ग्रुपला एवढं सांगा : गोल घुमट काढा आणि मंगळवारची एक रजा टाका. शनिवारी पोचल्यावर आंघोळ, बनशंकरी, जेवण, चारनंतर लेणी. रविवारी सकाळी लवकर पट्टदकल, मग ऐहोळे, तिथून थेट होस्पेट. सोमवार आख्खा आणि मंगळवार दुपारपर्यंत हंपी. ज्यांना चालायचंय त्यांनी सोमवारी सकाळी उजाडताच नदीकाठाने निघावं, ज्येष्ठांनी नऊनंतर गाडीने विठ्ठल मंदिराशी यावं. तिथे भेट. नाताळात बॅटरीच्या गाडीला रांग असते, पाणी आणि टोप्या जवळ ठेवा, मुक्कामाच्या खोल्या आत्ताच बघा. आणि खिद्रापूर परतीच्या वाटेवर अजिबात कोंबू नका, नाहीतर रानजाईंच्या नावाने तोही एक फोटो होईल.

वाटसरू
हे मी ग्रुपवर टाकतो. माझं मत तरीही तेच, की यात ऐहोळेचा बळी जातो. रविवारी पट्टदकलवरून निघेपर्यंत अकरा वाजतील, ऐहोळेत उन्हात लाडखान आणि दुर्ग मंदिर होईल, आणि मेगुतीच्या पायऱ्या बघून सगळे म्हणतील राहू दे. लिहून ठेवा.

गोटीराम
मेगुतीला मी चढतो. मुलीला घेऊन. आई खाली सावलीत दुर्ग मंदिरात बसेल, तिला तसंही तिथलं दगडाचं गार आवडेल. तुमच्या ग्रुपमधले येणार नसतील तर आमची गाडी वेगळी, आम्ही पाचच जण आहोत. होस्पेटमध्ये लिफ्ट असलेलं, स्वच्छ, घरगुती जेवण मिळणारं हॉटेल कुणी सुचवेल का? किंवा थेट कमलापूरला राहावं?